खोडलेलं वळण

"घाई नाही करायची हं, येर्को. हळूहळू जायचं. जिथे चुलीचा वास चांगला येईल तिथे जेवायचं."

विंकाचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या घड्या करकरीत होत्या. आता तो आवाज खोकल्याने पोखरलाय आणि मी घड्यांवर फाटलोय.

मित्रांनो, मी दाल्मातियाच्या किनाऱ्याचा एक जुना नकाशा आहे. माझ्यावर समुद्र निळा, डोंगर करडे आणि किनाऱ्याचा रस्ता लाल दोऱ्यासारखा. छापखान्यात माझ्यासोबत हजारो भावंडं जन्मली. कोण कुठे गेलं, मला ठाऊक नाही. मी स्प्लिट शहराच्या बस स्थानकावर, पेपरवाल्याच्या टपरीत उन्हाने पिवळा पडत होतो. येर्को निवृत्त झाला त्या दिवशी त्याच्या बायकोने, विंकाने, मला घरी नेलं.

येर्कोने तीस वर्षं त्या लाल दोऱ्यावर बस चालवली. आमच्याकडे थांब्याचं फारसं कौतुक नाही. रस्त्याकडेला कुणी हात दाखवला की बस थांबते, मग ती अंजिरांची टोपली घेतलेली म्हातारी असो की पाद्रीबाबा. येर्को तर त्याबद्दल प्रसिद्धच होता. कोंबडीने पंख उचलला तरी हा ब्रेक दाबेल, असं लोक म्हणायचे. विंका घरी शिवणकाम करायची. नवरा रोज डुब्रोव्हनिकला जेवतो आणि बायकोने तिथला तट अजून फक्त चित्रात पाहिलाय, असा टोमणा ती मारायची.

म्हणून मी आलो. दर हिवाळ्यात मला ओट्याशेजारच्या टेबलावर पसरायचे. विंका पेन्सिलीने गोल काढायची आणि रस्त्यावरून रेघ ओढत ते जोडायची. ओमिशला चाच्यांचा किल्ला. स्तोनला मिठागरं आणि डोंगरावर चढत गेलेली दगडी भिंत. शेवटी डुब्रोव्हनिक, तिथे दोन रात्री. पाणी घातलेल्या लाल वाइनचा पेला माझ्यावर ठेवला जायचा, त्याचं वर्तुळ अजून भर समुद्रात आहे. शेजारीण आली की विंका मला दाखवायची आणि म्हणायची, बघ, आम्ही इथून जाणार. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पण ओमिशच्या पुढे, माकार्स्काच्या अलीकडे, एक वळण आहे. येर्को तिथली रेघ खोडायचा. ती पुन्हा काढायची, तो पुन्हा खोडायचा. स्प्लिटहून गाडी बोटीत घालू, ह्वार बेटावर उतरू, बेट ओलांडू आणि माकार्स्काच्या पुढे पुन्हा किनाऱ्याला लागू, असं त्याचं म्हणणं. विंकाला बोटीत उलट्या व्हायच्या. बेत तिथेच मोडायचा आणि मी घडी होऊन खणात जायचो.

त्या वळणावर त्यांचा मुलगा तोमा गेला होता. येर्कोच्या निवृत्तीआधी चार वर्षं. बापासारखी बस चालवायची नाही म्हणून तो भांडून मामाच्या मासेमारीच्या होडीवर गेला होता, आणि तीन आठवडे बापलेकांत शब्द नव्हता. एका दुपारी डोंगरावरून थंड वारा कोसळायला लागला, होड्या परतल्या. तोमा वर रस्त्यावर आला आणि मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी निघाला. त्या वाऱ्यात पोलीस दुचाकी जाऊ देत नाहीत. ही दोघं निसटली. वळणावर वाऱ्याने त्यांना खाली खडकांवर टाकलं.

विंका वर्षानुवर्षं एकच विचारायची. तुझी बस त्याच वेळेला तिथून जायची ना? मग पोर मोटारसायकलवर का बसलं?

"बस त्या दिवशी लवकर गेली," येर्को म्हणायचा, आणि खोडरबर उचलायचा.

नऊ हिवाळे गेले. त्या जागी माझा कागद आधी केसाळ झाला, मग पातळ, आणि एका संध्याकाळी तिथे भोक पडलं. दोघं बराच वेळ त्या भोकातून दिसणारं टेबल बघत राहिली. त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. दोऱ्याच्या रिळांखाली मी तीन वर्षं काढली. वर खोकला ऐकू यायचा, आणि तो दर ऋतूत अधिक खोल व्हायचा.

या वसंतात विंकाने स्वतः खण उघडला. पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणणं तिने सोडलं होतं.

"बोट नाही," ती म्हणाली. "रस्त्यानेच. मला तिथे एक दिवा लावायचाय. एकट्याने दुःख केलंस तेवढं पुरे, दोघं मिळून करू."

मित्रांनो, आमच्यासारखे जुने नकाशे फेकू नका, आणि जपून ठेवलेत तर आमच्यावरचं काही खोडू नका. खोडरबराने रस्ता पुसला जात नाही. झिजतो तो कागद.

आम्ही निघालो. मी विंकाच्या मांडीवर होतो. ओमिशला तिने दोन घास खाल्ले, किल्ल्याकडे पाहून मान हलवली. मग लाल दोरा डोंगराला बिलगला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा येर्कोचा पाय हलका होईना. वळण आलं, बारकासा दगडी क्रूस दिसला, आणि गाडी तशीच पळत राहिली.

विंका ओरडली नाही. तिने फक्त काचेसमोर हात वर केला, रस्त्याकडेची माणसं करतात तसा.

गाडी थांबली. पायाने जुनी सवय पाळली होती. इंजिन बंद झालं. खाली समुद्र खडकांवर आपटत होता. येर्को तिच्या त्या हाताकडे बघत होता. तिने हात खाली घेतला तरी तो त्याच जागेकडे बघत राहिला.

"बस लवकर नव्हती गेली, विंका," तो म्हणाला. "तो इथेच, वळणाच्या तोंडाशी उभा होता. त्यानेही असाच हात दाखवला. मी त्याला पाहिलं. म्हटलं, येऊ दे आज पायी, म्हणजे कळेल. मी थांबलो नाही."