रिकामी खोली

मे महिन्यात वर्षाली मुलांना घेऊन मोर्शीहून माहेरी आली, त्याच आठवड्यात तिच्या भावानं, गजेंद्रनं, अकोल्याच्या घरात ती पांढरी पेटी बसवली. छतावर सोलर होतं, जिन्याखाली बॅटरी. लाइन गेली की शिल्लक वीज आणि घराची गरज यांचा मेळ पेटी घालणार होती. त्याआधी काही दिवस ती फक्त पाहत राहिली, कोणत्या खोलीत केव्हा किती वीज लागते ते.

त्या दिवसांत दुपारची जेवणं झाली की सगळे बैठकीत चटया टाकून एकाच कूलरसमोर झोपत. घर भरलं की उन्हाळ्यात असंच. त्यांची आई सुभद्राबाईही नातवंडांमध्ये आडव्या होत. त्यांच्या खोलीतला कूलर बंद असे.

वर्षाली मोर्शीला परत गेली. सुभद्राबाई आपल्या खोलीत परतल्या. दुपारी लाइन गेली आणि त्यांचा कूलर थांबला. वरच्या मजल्यावर सून रागिणी घरूनच नोकरी करी. तिच्या एसीचं बाहेरचं यंत्र त्यांच्या खिडकीवर घरघरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, मग रोजच.

त्यांनी विचारलं नाही. मुलानं बसवलंय, त्यानंच ठरवलं असेल. ओला पंचा डोक्यावर घेऊन त्या बसू लागल्या.

शेजारच्या बिस्मिल्लाबी एकदा डोकावल्या. "काहो, तुमच्या घरी तं सूर्याची लाइट हाय म्हणते. मंग तुमी काहून पापडावानी भाजून राहिल्या?"

"आमच्या घरी सूर्य वरच्या मजल्यावरच उतरते," सुभद्राबाई म्हणाल्या.

बिस्मिल्लाबींनी ते संध्याकाळी फाटकातच गजेंद्रला ऐकवलं. तो तसाच आईजवळ आला.

"आई, म्या नाई केलं वं. मशीननं केलं. वर्षाली होती तवा तू बैठकीत झोपत होती. त्याले वाटलं, ही खोली रिकामीच रायते."

"वाटलं आन् बंद केलं? कोनाले पुसलं नाई?"

पुसलं होतं. फोनवर ओळ आली होती: या खोलीत दुपारी कोणी नसतं, वीज कमी पडल्यास इथली थांबवायची का? ऑफिसात चहा पिता पिता गजेंद्रनं 'हो' दाबलं होतं.

"मले पुसलं," तो म्हणाला.

"त्याले मालूम नोतं. तुले तं मालूम होतं ना बाप्पा, तुही माय कुठी झोपते?"

त्यानं तिथंच फोनवरच्या यादीत आईची खोली सगळ्यांच्या वर घेतली. "आता आधी एसी बंद होईन."

"दुपारी माझी मीटिंग असते," जिन्यातून रागिणी म्हणाली. तेवढंच.

सकाळी सुभद्राबाई दर्यापूरला भावाकडे निघाल्या. "ऊन उतरलं की येतो," म्हणाल्या.

पेटी त्यांच्या खोलीसाठी वीज राखत राहिली. लाइन गेली की वर एसी बंद पडे, आणि खाली ती वीज घ्यायला कोणी नसे. मग एका दुपारी फोनवर तीच ओळ पुन्हा आली. या वेळी गजेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला आणि ती शेवटपर्यंत वाचली. तिच्यात खोटं काही नव्हतं.

त्यानं 'हो' दाबलं.