चारशे बारा क्लिक

आमच्या स्टुडिओत कॅमेरे दोन. एक मी वापरायचो, दुसरा दादा जपायचा.

नऊ वर्षांपूर्वी दोघा भावांनी निम्मेनिम्मे घालून तेव्हाचा सगळ्यात भारी कॅमेरा घेतला आणि दादाने त्याच संध्याकाळी तो कपाटात कुलूपबंद केला. शटर जितकं कमी उडेल तितकी विकताना किंमत जास्त, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. दादाने जन्मात एकच गोष्ट वाचली आणि तेवढी नेमकी पाळली. शाळा, लग्नं, कारखाने, सगळं मी जुन्या डबड्यावर रेटलं. त्याच वर्षी मला मुलगी झाली तेव्हा मी कपाटाची किल्ली मागितली.

"मुलगी कुठे पळून चाललीय?" दादा म्हणाला. "सावकाश काढ की फोटो."

तिच्या पहिल्या आठवड्याचे फोटो आहेत माझ्याकडे. त्यात ती कोणती आणि उशी कोणती, हे मला बोट ठेवून दाखवावं लागतं.

परवा डबड्याने मान टाकली. शनिवारी औषधांच्या कारखान्याचं काम होतं, पुढे वर्षभर चालणारं. ते हातचं गेलं तर स्टुडिओला टाळंच. दादा मोठ्या मनाने म्हणाला, "जपलेला देऊ, नवा घेऊ. वर किरकोळच घालावे लागतील."

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्याने तो तान्ह्या बाळासारखा काउंटरवर ठेवला. मागच्या पडद्यावरचं प्लॅस्टिकही शाबूत.

"फक्त चारशे बारा क्लिक, तेही घेतला त्याच दिवशीचे," दादा म्हणाला.

दुकानदाराने हातही लावला नाही. "काका, हल्ली सेन्सर बघतात, क्लिक नाही. हा कमी उजेडात आंधळा. माझा फोन बरा याच्यापेक्षा." मग त्याने आकडा सांगितला. त्यात नव्या कॅमेऱ्याची पिशवी आली असती, पट्टा सोडून.

"अहो, पण वापरलाच नाही."

"वापरला असता तर निदान वसूल झाला असता."

नऊ वर्षांत माझ्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस.

"देऊन टाक," मी म्हणालो. "उरलेले पैसे मी उभे करतो."

"घाट्यात? वेड लागलंय का मला? अजून दहा वर्षं थांबू. दुर्मिळ झाला की भाव येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही, याचंच नवल वाटलं.

"पळून कुठे चाललीय म्हणालास ना? गेली. चौथीत आहे ती. शनिवारी मी भाड्याचा कॅमेरा घेऊन जातोय. बिल माझ्या एकट्याच्या नावाने निघेल."

"स्टुडिओ दोघांचा आहे."

"होता. आता कपाट तुझं, गिऱ्हाईक माझं."

मी दार लोटून बाहेर पडलो. मागे दादा दुकानदाराला विचारत होता, ओलावा शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या ठेवता का, आमच्याकडे दमट फार असतं.