दाराकडची जागा

कडूबानं काळीपिवळीचं उजवं दार उघडलं आणि सवयीनं थेट स्टेअरिंगमागं जाऊन बसला.

हात चाकावर पडल्यावर चूक लक्षात आली. मागं दाटीवाटीनं बसलेली माणसं माना उंचावून बघायला लागली. जाफराबादच्या या रस्त्यावर त्यानं सगळी उमर हीच जीप चालवली होती. काचबिंदूनं नजर अधू झाली, तेव्हा त्यानं ती गावातल्याच पप्पूला विकली आणि घरी बसला. आज डोळ्यांचं औषध आणायला तो पहिल्यांदाच एकटा निघाला होता. संभाजीनगरच्या मुलानं, राजानंदनं, फोनवर साफ सांगितलं होतं, "एकदा एकटे जाऊन या, बाबा. न्हाई जमलं तर मी न्यायला येतो. मंग गावात राहायचं नाव काढू नका."

आणि सुरुवातच अशी झाली.

"पप्पू, आज गाडी कडूबाभाऊ चालवून राह्यले का?" मागून शेजारची चांगुणाबाई म्हणाली. रिकामी पाटी घेऊन ती बाजाराला निघाली होती. "आधीच सांग, मी उतरते."

गाडीत हशा पिकला. कडूबाचे कान तापले. तो उतरायला वळला.

"कुठं निघालात, बाबा?" पप्पू डाव्या दारानं आत शिरत म्हणाला. "जरा दाराकडं सरका, बस्स."

ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, दाराला चिकटून एक गिऱ्हाईक बसवायचं, ही या रस्त्याची रीतच होती. कडूबानंही ती जागा कधी रिकामी नेली नव्हती. तो सरकला. दाराची कडी बरगडीत रुतली.

"लई टोचती रे ही."

"तुमच्याच वेळची हाय. मी बदलली न्हाई."

पुलाच्या अलीकडं कडूबाचा पाय आपोआप पत्र्यावर दाबला गेला. पप्पूनं बघितलं आणि गालात हसला.

"ब्रेक माझ्याकडं हाय, बाबा."

"मंग दाब की."

पप्पूनं दाबला.

जाफराबादला औषध मिळालं. दुपारी स्टँडवर पप्पूची गाडी भरत आली होती. त्यानं लांबूनच हाक मारली.

"बाबा, या. तुमची जागा ठेवली."

कडूबा उघड्या दारापाशी थांबला. चाकाचा काळा गोल त्याला अंधूक दिसत होता. त्यानं दार हलकेच लोटलं.

"तिथं दुसरं कुणी बसव. मी मागं बसतो."

तो चांगुणाबाईशेजारी कसाबसा मावला. तिची भाजीनं भरलेली पाटी त्यानं मांडीवर घेतली. गाडी जाफराबादबाहेर पडली, वारा लागला. कुणीतरी कुणाच्या तरी सोयाबीनबद्दल बोलत होतं, ते ऐकता ऐकता त्याची मान खाली आली. या रस्त्यानं त्यानं झोपलेली माणसं रोज घरी पोचवली होती. स्वतः मात्र कधी डोळा मिटला नव्हता.

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. कडूबा हलला नाही. चांगुणाबाईनं तो काढून कानाला लावला.

"राजानंद, मी चांगुणामावशी."

"बाबा कुठं हायेत? नीट हायेत ना?"

"झोपलेत. माझ्या पाटीवर डोकं टेकून."

"गाडीत? अन् गाव मागं पडलं तर?"

चांगुणाबाईनं गाडीभर नजर फिरवली.

"सगळी आपल्याच गावची माणसं हायेत. उठवतील कुणीबी," ती म्हणाली. "तू जरा हळू बोल."