जनीआत्याच्या वाडीकडे कर्णा

आमच्या वाडीत वर्षातून एकदाच लागणारी वस्तू उरलेलं वर्ष शेळ्यांच्या गोठ्यात पडून असते. शिमग्यातल्या कर्ण्याची बॅटरी तशीच. सण संपला की ती गोठ्यात टाकायची, पुढच्या वर्षी आठवण काढायची आणि ती मेली म्हणून तिलाच शिव्या घालायच्या. सुनेनं एवढं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

यंदा मात्र ती चालायलाच हवी होती. माझे सासरे येसाजी पालखीपुढे गाणं म्हणतात. पालखी बसते त्या माळावर वीज नाही. त्यांची बहीण जनीआत्या दरीपलीकडच्या वाडीत दिलेली. गुडघे गेल्यापासून ती येत नाही, अंगणात बसून भावाचं गाणं ऐकते. गेल्या वर्षी बॅटरी पहिल्याच गाण्याआधी बसली, आणि सासऱ्यांचा आवाज आता दरी ओलांडत नाही. आत्या धरून बसली, "दादा माझ्यावर रुसलाय, म्हणून गायला नाय." फोनवर किती समजावलं तरी पटेना. वर्षभर सासऱ्यांच्या जिवाला तेच लागून राहिलं होतं.

बॅटरी काढायला गेले तर तिच्यावर कोंबडी बसलेली. तिला उठवलं, चोच खाल्ली. टोकांवर पांढरं पीठ साचलं होतं. झाकणं घट्ट लावून ते सोड्याच्या गरम पाण्यानं घासलं. मग झाकणं उघडली तर आतल्या प्लेटी अर्ध्या कोरड्या. महाडच्या बाजारात विनीतचं बॅटरीचं दुकान आहे. त्याच्याकडून डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि चार्जर मागून आणला.

"वहिनी, प्लेटी बुडतील एवढंच पाणी. ॲसिड अजिबात नाही," विनीत म्हणाला. "चिमटे लावताना चार्जर बंद ठेवा. मग हळूहळू भरू द्या, उघड्या हवेत. भरताना गॅस सुटतो, तो पेटतो. जवळ आग नको. तापली तर बंद करा. आणि उठेलच असं समजू नका, बरीच मेलेली असेल."

मी रबरी हातमोजे घातले, सासऱ्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडवीत बॅटरी चार्जिंगला लावली. सासरे जरा लांब खुर्ची टाकून बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. दुसऱ्या दिवशी आत बारीक बुडबुडे दिसले आणि मला हसू आवरेना.

तेवढ्यात सासूबाई आल्या. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात पेटलेली अगरबत्ती. आमच्याकडे मिक्सरसुद्धा ओवाळल्याशिवाय चालू होत नाही. त्या बॅटरीवर वाकणार, इतक्यात मी अगरबत्ती हिसकावून म्हशीच्या पाण्यात बुडवली.

"देवाची अगरबत्ती विझवलीस गो?"

"आई, तिथं ठिणगी पडली असती तर बॅटरी फुटून ॲसिड तुमच्या तोंडावर उडालं असतं."

"इतकी वर्सं काय उडाला नाय."

"इतकी वर्सं ती चार्ज कोणी केली होती?"

सासरे खुर्चीतून सासूबाईंना म्हणाले, "रखमा, मला जनीला गाणा ऐकवायचा हाय, घर उडवायचा नाय."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण चार्जर बंद करून बॅटरीला चांगला वारा लागू दिल्यावर त्यांनी तिच्या कुशीला नुसतं कुंकू लावलं, अगरबत्ती तुळशीपाशी. हळूच मला विचारलं, "आता चालंल ना गो?" मला कुठं माहीत होतं.

शिमग्याला संध्याकाळी पालखी माळावर बसली. सासऱ्यांनी कर्ण्याचं तोंड स्वतःच्या हातानं जनीआत्याच्या वाडीकडे वळवलं. गाणं सुरू झालं. सगळे पालखीकडे बघत होते, मी कर्ण्याच्या मशीनच्या लाल दिव्याकडे. देवीनं मला क्षमा करावी. एक गाणं झालं, दुसरं झालं, दिवा तसाच. पण पलीकडे काय पोचलं ते कळेना. वारा उलटा होता आणि सासऱ्यांचा चेहरा उतरत चालला होता.

तिसऱ्या गाण्याआधी माझा फोन वाजला. आत्या. मी तो सासऱ्यांच्या कानाला लावला. आत्याचा आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू आला.

"दादा, दुसऱ्या गाण्यात चुकलास. सोन्याची पालखी नाय, रुप्याची. बापूस तसाच म्हणायचा."

माझे सासरे उभ्या जन्मात कुणासमोर चूक कबूल करणारे नव्हेत. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"चुकलो गो जने," ते म्हणाले, आणि माइक हातात घेऊन ते गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हणाले.