विमलाबाईंनी वाचलेला फळा

मित्रांनो, मी एक फळा आहे. पांढरा, चार फूट लांब, आणि आता बराच जुना. लाकडी पाटीवर गुळगुळीत पत्रा चिकटवून आणि कडेला चौकट ठोकून मला बनवलं, तेव्हा माझ्यात समोरची अख्खी खोली दिसेल इतकी चमक होती. ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये गुणाजी सरांच्या शिकवणीत मी भिंतीवर चढलो. अकरा वर्षं सरांनी माझ्यावर गणितं सोडवली. प्रत्येक गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आधीच छापलेलं असे. लिहिणं म्हणजे ठरलेल्या ठिकाणी न चुकता पोचणं, अशी माझी समजूत होती.

पुढे मुलं मोबाइलवरच शिकू लागली आणि सरांनी शिकवणी बंद केली. तेव्हा त्यांची जुनी विद्यार्थिनी संचिता मला न्यायला आली. सोबत तिचा मित्र ऋतुराज होता. दोघं डोंबिवलीजवळ एक खोली घेऊन इंटरनेटवर टाकायला छोटी विनोदी स्किट करणार होते. आठवड्यात गावात जे गाजेल त्यावर दोन मिनिटांचं स्किट. संचिता लिहिणार आणि ऋतुराज सगळी सोंगं घेणार.

"हिला गणितात कधी पंचवीसच्या वर मार्क पडले नाहीत," सर मला खाली उतरवताना म्हणाले, "पण वहीच्या मागच्या पानावर जे लिहायची, ते जप्त करून मी घरी नेऊन वाचायचो."

आमचा टेम्पो शीळफाट्याला अडकला. पुढे ट्रक, मागे ट्रक. हौद्यात मला दोन बाजूंनी धरून दोघं उभी होती. शेजारच्या गाडीतला माणूस फोनवर सांगत होता, "सर, पोचलोच, पाच मिनिटं." त्याच्या पलीकडच्या रिक्षातली बाई सांगत होती, "अगं, मी अजून घरातूनच नाही निघाले." दोघं एकाच जागी, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर!

संचिताने पिशवीतून पेन काढलं आणि उभ्याउभ्या दोघांची वाक्यं माझ्यावर लिहिली. मग त्यांच्यामध्ये तिसरं वाक्य आलं, जे कोणीच बोललं नव्हतं. मग चौथं. ऋतुराज ते दोन आवाजांत वाचत सुटला. टेम्पोवाला मागच्या खिडकीतून ऐकत होता. तो इतका हसला, की पुढचा रस्ता मोकळा झाला तरी गाडी हलवायचं विसरला आणि सगळ्या शीळफाट्याने त्याच्या नावाने हॉर्न वाजवला.

मित्रांनो, मी थक्क झालो. घटकाभरापूर्वी जगात नसलेली गोष्ट माझ्या अंगावर उभी होती, आणि तिने एका अनोळखी, घामाघूम माणसाला त्याचा वैताग विसरायला लावला होता. अशी गोष्ट कोणत्या पुस्तकाच्या शेवटी छापलेली असते?

आमची खोली एका आगरी गावात होती, विमलाबाईंच्या घराच्या माडीवर. त्यांच्या घरच्यांची पूर्वी मिठागरं आणि शेती होती. आता चारी बाजूंना टॉवर उभे आहेत. खाली विमलाबाई आणि कॉलेजला जाणारी त्यांची नात समृद्धी राहायच्या. वर दर सोमवारी संचिता मला कोरा करायची आणि विचारायची, "या आठवड्यात काय झालं रे?" खड्डे, पाणीकपात, परीक्षेचा घोळ, काहीही चाले. गुरुवारपर्यंत मी काठोकाठ भरायचो. एका शब्दासाठी ती तासभर माझ्यासमोर उभी राहायची. "लवकर" खोडून "झटकन" लिहायची, आणि ऋतुराज हसून हसून खुर्चीवरून खाली यायचा. एका शब्दात एवढं बळ असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग सोनीआत्या आली. गावातल्या जमिनी विकल्या जातायत अशी बातमी गाजत होती. त्यावर संचिताने ही बाई रचली. भाजी आणायला जाताना अंगभर सोनं घालणारी, नवी गाडी आंब्याखाली बांधून ठेवणारी, आणि आगरी बोली वेडीवाकडी करून बोलणारी. ऋतुराज साडी गुंडाळून ती झाला. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. संचिता आनंदाने नाचली. मीही खूश होतो. खोटं कशाला सांगू?

दुसरा भाग माझ्यावर लिहून झाला होता, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. विमलाबाई दारात उभ्या होत्या.

"माझी समृद्धी दोन दिस कालेजान गेली नाय," त्या म्हणाल्या. "पोरी तिला सोनीआत्या बोलतात."

विमलाबाई माझ्याजवळ आल्या. "मना वाचता येते. चौथी शिकलेय मी."

आणि त्या वाचू लागल्या. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. "सो-नी-आ-त्या... गा-डी-ला... चा-रा... घा-ल-ते." ऋतुराजच्या तोंडी जी वाक्यं उड्या मारायची, ती त्यांच्या तोंडून दगडासारखी एकेक करून खाली पडत होती. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी सगळं वाचलं. मग वळून अगदी खरंच विचारलं, "यान हसायचा कवा?"

माझ्या आयुष्यात माझ्यासमोर हजारो प्रश्न विचारले गेले. इतका अवघड एकही नव्हता.

संचिताचा चेहरा उतरला. "आजी, चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिने मोबाइल उचलला. 

"अगं, थांब! आपलं चॅनल त्या व्हिडिओवरच उभंय," ऋतुराज म्हणाला.

"मग पडू दे."

तिने व्हिडिओ काढून टाकला. मग मला पुसायला लागली. विमलाबाई मात्र गेल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली.

"इनोद पायजे ना तुमाला? मंग आयका. परवा हलदीचा आवतन द्याला मी त्या समोरच्या टावरान गेलती. वाचमन बोल्ला, ओटीपी सांगा. मी बोल्ली, तो कोन? आमच्यान कोन ओटीपी नाय. मंग बोल्ला, फ्लॅट कंचा? मी बोल्ली, वांग्याचा वाफा. तो बगतच रायला. मी बोल्ली, बाबा, तुजी लिफ्ट हाय ना, तिथंच माझा वांग्याचा वाफा व्हता. त्यानं वहीन लिवला, फ्लॅट नंबर वांगी!"

ऋतुराजला हसू फुटलं, आणि घाबरून त्याने तोंडावर हात धरला. पण विमलाबाई स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता त्या खिडकीतून टॉवरकडे बघत राहिल्या. हसू ओसरलं तरी त्यांची नजर तिथेच होती.

संचिताने केव्हा पेन उघडलं कळलंच नाही. ती भराभर लिहीत होती, तरी मागे पडत होती. चौथी शिकलेल्या बाईंनी एका दमात सुरुवात, वळण आणि शेवट असं सारं उभं केलं होतं. मी माझ्या पत्र्यावर तो मजकूर झेलत होतो आणि माझा विश्वास बसत नव्हता.

"आजी, हे करू का आम्ही?"

"कर. पन करताना मना दाखव. आन त्या पोराला साडी नीट नेसव. मागचे वेलंला गोनपाटासारखी दिसत व्हती." मग त्यांनीच ऋतुराजला कासोटा घालून साडी नेसवली.

पहिल्या दिवशी तो नवा व्हिडिओ जेमतेम चार हजार लोकांनी पाहिला. सोनीआत्याची सर त्याला कधीच आली नाही. पण त्या संध्याकाळी खाली अंगणात समृद्धीने स्वतः टीव्ही आणून ठेवला आणि गावातल्या बायकांना हाका मारल्या. मी माडीवर भिंतीला. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ओटीपीला एक खसखस पिकली. मग एकदम शांतता. मग "फ्लॅट नंबर वांगी", आणि अख्खं अंगण असं हसलं की माझी चौकट खिळ्यावर हलली. त्यात एक तरुण, मोकळा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो समृद्धीचा होता.

मित्रांनो, आता माझा पत्रा कोपऱ्यात फुगलाय. मला मऊ फडक्याने पुसा, रॉकेलने घासू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि माझ्यावर कोणाचं सोंग लिहाल, तर ते पुसायच्या किंवा जगाला दाखवायच्या आधी त्या माणसाला जिना चढून वर येऊ द्या. त्याच्या हाताशी खुर्ची सरकवा आणि पेन उघडं ठेवा.