लिफ्ट कुणी चालू केली?

फोन वाजला तेव्हा पाना पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्यात कुणीतरी घण घालत होतं. खिशात कायम पाना घेऊन हिंडायचा म्हणून लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सगळ्यांनी त्याचं हेच नाव पाडलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती. चाचपडत त्याने फोन कानाला लावला.

"झकास काम केलंत हो!" काल जिथे काम चालू होतं त्या इमारतीचे सेक्रेटरी बोलत होते. "खडखड पार गेली. सकाळपासून लोक नुसते वर-खाली करतायत. बरं, मी निघालोय बाहेर, नंतर बोलू."

फोन बंद झाला. पाना उठून बसला आणि खोली एका बाजूला कलली.

लिफ्ट चालू होती? पण ती चालू असणं शक्यच नव्हतं. काल संध्याकाळी केबिनच्या टपावर बसून त्याने झिजलेले शू बदलले होते. केबिन रुळांना धरून ठेवते ती या शूंच्या जोरावर. नवे शू बसवले होते, पण बोल्ट नुसते बोटाने फिरवून ठेवले होते. पक्के आवळायचं काम बाकी होतं. तेवढ्यात जोडीदाराचा फोन आला होता, कंपनीतल्या एकाला बढती मिळाल्याची पार्टी आहे, सगळे जमलेत, लवकर ये. मग पानाने मेन स्विच पाडला, "लिफ्ट बंद आहे"ची पाटी लावली आणि उरलेलं सकाळी करू म्हणून निघाला.

एवढं लख्ख आठवत होतं. पुढे पहिला पेग, दुसरा, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. त्यानंतर काही नाही. पाटी पुसावी तसं सगळं कोरं.

"काय झालं?" बायको दारात उभी होती. औषधांच्या दुकानात कामाला होती ती, निघायच्या तयारीत. नवऱ्याचा चेहरा बघून तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"माझी लिफ्ट चालू आहे," तो म्हणाला. "बोल्ट ढिले आहेत आणि लोक आत बसतायत."

"अरे, साहेबांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल. आधी पाणी पी. दारू उतरताना अशी भीती वाटतेच. रात्रभर तिने दाबून ठेवलेलं डोकं सकाळी उलटं उसळतं, छाती धडधडते, काहीतरी भयंकर घडलंय असं वाटत राहतं. दुकानात येतात ना तुझ्यासारखे, रविवारी रांग लागते."

"ही तसली भीती नाही गं!"

पण तसलीच असली तर? त्याने हात पुढे धरून पाहिला. बोटं लटलटत होती. आपल्याला खरंच काही आठवतंय की डोकंच खेळ करतंय, हे त्याला कळेना, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

त्याने जोडीदाराला फोन लावला.

"कुणी नाही गेलं," जोडीदार जांभई देत म्हणाला. "सगळेच आडवे झाले होते. तू मध्येच कुठे गायब झालास रे? आणि आवाज का थरथरतोय? एक छोटा घोट मार, उतारा म्हणून. हात लगेच थांबतात."

पानाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. "तू तिथे ये. आत्ता. हत्यारं घेऊन ये."

सेक्रेटरींचा फोन लागेना. वॉचमनचा नुसताच वाजत राहिला. पानाने कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळीवर अर्धी बाटली होती. एकच घोट, फक्त हात थांबावेत म्हणून.

"अजिबात नाही," बायको मध्ये येऊन उभी राहिली. "उताऱ्याने त्रास जात नाही, दुपारवर ढकलला जातो. हे घे." तिने साखर-मीठ घातलेलं पाणी पुढे केलं. "घटाघट नको, नाहीतर उलटी होईल. एकेक घोट."

"डोकेदुखीची गोळी तरी दे."

"पोटात अन्न नाही, अंगात अजून दारू आहे. गोळी आता नाही. हे केळं खा." मग तिने गाडीची किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली. "आणि गाडी मी चालवणार. तुला वाटतंय उतरली, पण उतरलेली नाही."

मागे बसून त्याने कसंबसं केळं गिळलं. ऊन डोळ्यांत टाचणीसारखं घुसत होतं. डोळे मिटले की दिसायचं, एकेक बोल्ट फिरत फिरत सैल होतोय, शू सुटतोय, केबिन तिरकी होऊन रुळात अडकतेय आणि आत कुणीतरी किंचाळतंय. "जोरात चालव," तो दोनदा म्हणाला. तिने वेग वाढवला.

इमारतीत शिरताच त्याने पाहिलं. पाटी नव्हती. दारावरचा लाल आकडा बदलत होता. लिफ्ट वरून खाली येत होती.

बायको भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावली. "थांब!" तो ओरडला. "आत्ता पाडलास तर आतला माणूस मध्येच अडकेल. खाली येऊ दे."

दोघं दाराशी उभे राहिले. आकडे सावकाश उतरत होते. एका मजल्यावर लिफ्ट थांबली आणि पानाचा श्वासही तिथेच अडकला. आकडा पुन्हा हलला. बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि तिचाही हात गार पडला होता.

दार उघडलं. एक आजोबा वॉकर पुढे टाकत बाहेर आले. मागून त्यांची सून कडेवर बाळ घेऊन आली. "आज अगदी छान चालतेय हो," आजोबा हसत म्हणाले. पानाला हसता आलं नाही. त्याने स्विच पाडला आणि कोपऱ्यातल्या बादलीत भडाभडा ओकला.

जोडीदार आला. पाना टपावर चढायला निघाला, तेव्हा त्यानेच अडवलं. "हात बघ तुझे. मी जातो."

वर टॉर्चचा उजेड इकडेतिकडे फिरला. पाना खाली भिंतीला टेकून वाट पाहत राहिला.

"अरे!" वरून आवाज आला. "सगळे आवळलेत. बोल्ट सुटू नयेत म्हणून वरून चेकनटसुद्धा लावलेत. तूही एवढं नीट करत नाहीस कधी!"

पाना तिथेच खाली बसला. बायकोने सुटकेचा श्वास सोडला. पण मग हे केलं कुणी?

तेवढ्यात वॉचमन काका चहाचा कप घेऊन आले. "काय हो, झोप झाली का?" त्यांनी विचारलं. "रात्री मीच टॉर्च धरला होता की."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी! म्हणालात, काम अर्धं टाकून गेलो ते मनाला खातंय. वास येत होता, म्हटलं सकाळी करा. ऐकलं नाहीत. सगळ्यात वरच्या मजल्यावरून टपावर उतरलात. गाणं म्हणत होतात. एक पाय भिंत आणि केबिनच्या फटीत लोंबत होता आणि तसेच वाकून बोल्ट आवळत होतात. एकदा तोल गेला, तेव्हा लिफ्टचा दोर धरलात म्हणून... मी डोळेच मिटले हो. मग खाली येऊन तुम्हीच पाटी काढलीत, स्विच चालू केलात आणि गेलात."

पानाने आपला तळहात उघडून पाहिला. दोराच्या तारांनी सोललेली कातडी आणि ग्रीसचा काळा पट्टा. सकाळपासून हा हात झोंबत होता आणि त्याचं लक्षही गेलं नव्हतं. एवढ्या उंचीवर आपण लोंबकळलो आणि त्यातला एक क्षणही आपल्याजवळ नाही. आपलं शरीर आपल्याला न विचारता तिथे जाऊन आलं होतं. सकाळची भीती लोकांसाठी होती. आता जी आली ती थेट हाडात शिरली.

"काका, कुणाला बोलू नका," जोडीदार हळूच म्हणाला. "काम तर नीट झालंय ना? मिटवून टाकू."

बायको पायरीवर बसली होती. रात्री दार तिनेच उघडलं होतं. तो हसत आत आला होता, हात धुऊन झोपला होता, आणि तिला वाटलं होतं जरा जास्त झालीय, एवढंच.

"साहेबांना फोन लाव," ती म्हणाली.

पानाने लावला. एका दमात सगळं सांगितलं, टपावरचं गाणंसुद्धा.

"घरी जा," साहेब म्हणाले. "उद्यापासून वर्कशॉपमध्ये बसायचं. पुन्हा टपावर कधी पाठवायचं ते मी ठरवीन."

"हो," तो म्हणाला. शिक्षा ऐकून इतकं हायसं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी तिने पडदे ओढले, पेज करून दिली, उशाशी पाणी ठेवलं. संध्याकाळपर्यंत डोकं हलकं झालं, पोट थाऱ्यावर आलं. ती रात्र मात्र कधीच आठवली नाही. पुढे साहेबांनी त्याला पुन्हा टपावरच्या कामाला पाठवलं, तेव्हा वरच्या मजल्याचं दार उघडून त्याने खाली अंधारात पाहिलं आणि त्याचे गुडघे थरथरले. आदल्या रात्री त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आज तू जा," तो जोडीदाराला म्हणाला. जोडीदार एरवी थट्टा सोडणारा नव्हता. पण तो मुकाट्याने सुरक्षेचा पट्टा बांधून टपावर उतरला, आणि पाना दोन्ही हातांनी टॉर्च धरून दाराशी उभा राहिला.