भुकेचं कुलूप

शिंपीणबाईंच्या दुकानापुढे रांग लागली होती, पण कुणाच्याच हातात कापड नव्हतं. जिला भूक लागत नाही ती बाई पाहायला माणसं लोटली होती. बाई शिवणयंत्राशी बसलेल्या, गालफडं आत गेलेली, चेहरा शांत. लोक हात जोडत आणि पुढे सरकत.

शेजारच्या खुर्चीत पाणीवाले बाबा. "मेंदूत भुकेची पेटी असते. आमच्या पाण्यानं तिला कुलूप घातलंय." बाबांच्या स्वतःच्या पेटीला मात्र कुलूप नव्हतं. दुपारी ते आडवा हात मारत आणि ढेकर देऊन पुन्हा निराहारावर बोलू लागत. बाटल्या भराभर खपत.

मागच्या खोलीत लेक आईचे कपडे आत घेत होती. नुकतीच घातलेली टीप उसवायची, आणखी आत नवी मारायची. अंग भरलं तर सोडता यावं म्हणून शिवणीत माया ठेवावी, हे आईनंच शिकवलेलं. आता आत दडपलेलं कापडच जास्त झालं होतं.

"आई, डॉक्टरांकडे जाऊ या गं."

"कशाला? दुखत नाही, खुपत नाही." आई हसली. "जन्मभर लोक मापं द्यायला आले. पहिल्यांदाच कुणी हात जोडतंय. राहू दे की तेवढं."

लेकीनं गुपचूप बाटल्यांची अदलाबदल केली. आठवडाभर आई नळाचं पाणी प्यायली, तरी भूक तिच्याकडे फिरकली नाही. लेक बाबांचं पाणी प्यायली आणि तिच्या पोटात रोजच्यासारखे कावळे ओरडत राहिले. मग तिनं हे सगळ्या रांगेदेखत सांगितलं.

"तुझी श्रद्धा पातळ," बाबा म्हणाले.

"आईची तर घट्ट होती ना? मग तिला नळाचं पाणी कसं लागू पडलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. रांग पांगली, बाटल्या आवरून बाबाही गेले. आई रिकाम्या दाराकडे बघत राहिली. "मला आधी सांगायचंस गं," एवढंच म्हणाली, आणि चपला घातल्या.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. पोटात गाठ होती, पसरलेली. त्यांनी लेकीला समजावलं: पोट रिकामं झालं की जठरातून एक संप्रेरक मेंदूला जेवणाची आठवण देतं. अंगावरची चरबी दुसरं पाठवते, त्याचा निरोप: साठा आहे, घाई नको. माणूस वाळला की हा दुसरा निरोप घटतो आणि भूक खवळायला हवी. पण अशा आजारात शरीरात तयार होणारी रसायनं मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला दाबून टाकतात.

"पाण्यानं भूक गेली नाही," डॉक्टर म्हणाले. "भूक आधी गेली, पाणी नंतर आलं."

"लवकर आणलं असतं तर?"

डॉक्टर वाचलेला रिपोर्ट पुन्हा वाचू लागले.

आई गेली त्या संध्याकाळी लेकीला कडकडून भूक लागली. तिला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या काकूंनी ताट पुढे सरकवलं. "खा बाई. पोटाला काय कळतंय?"

"त्यालाच कळतं, काकू," ती म्हणाली, आणि रडत रडत जेवली.

आता मापं लेक घेते. फीत मागच्यापेक्षा आत आली की विचारते, जेवण जातं ना? नाही म्हणणाऱ्याचं कापड ती बाजूला ठेवते. कुणाची भूक विनाकारण मेली तर त्याच्यापुढे हात जोडू नका, म्हणते. त्याचा हात धरा आणि आधी दवाखान्यात न्या.